वेगात बोट एका अंगाला का कलते? कोयनेच्या पाण्यावर दोष शोधण्याची रीत

धक्क्याला बोट सरळ उभी असते. प्रवासी बसतात, थ्रॉटल पुढे जातो, नाक वर येतं, बोट पाण्यावर चढते आणि तिथून पुढे सगळी फेरी एका अंगावर रेलून चालते. एका बाजूचे प्रवासी तुषारांनी भिजतात, दुसऱ्या बाजूचे कठडा घट्ट धरून बसतात आणि चालवणारा सुकाणू ओढून ओढून दमतो. कोयना धरणाच्या जलाशयाकाठच्या तापोळा, बामणोली, मुनावळे या पट्ट्यात नवी किंवा जुनी स्पीडबोट घेतलेल्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. सांगलीकडे पुराच्या कामाला ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन) लावलेल्या फायबरच्या बोटी असतात, त्यांनाही पुढचं जवळजवळ सगळं लागू आहे.

धक्क्यावर कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं ‘टॉर्क’, म्हणजे फिरत्या पंख्याचा (प्रोपेलरचा) बोटीवर येणारा उलटा पीळ. दुसरं येतं ‘टॅब बसवून घ्या’, म्हणजे मागच्या फळीवर कल घालवणाऱ्या पाट्या. दोन्ही बरोबर असू शकतात, पण मोजल्याशिवाय दोन्हींवर विश्वास ठेवू नका. कलण्याची कारणं मुख्यतः पाच: वजन, वारा, टॉर्क, ट्रिम (म्हणजे इंजिन आत-बाहेर कलवण्याचा कोन) आणि तळ. तपासायची ती याच क्रमानं, कारण खर्चही साधारण याच क्रमानं वाढत जातो. वजन हलवायला पैसे लागत नाहीत. तळाचं फायबरकाम मात्र हंगामाची कमाई खाऊन टाकतं.

काय काय जवळ हवं

- पाण्याचे २० लिटरचे चार रिकामे जार, घट्ट झाकणाचे. काठावर भरायचे, की प्रत्येकी २० किलोचं वजन तयार.
- ओळंबा, दोरी आणि एक फूटपट्टी.
- गवंड्याकडची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, दीड ते दोन मीटर.
- हॅक्सॉची पाच-सहा जुनी पाती. फटी मोजायला. एक पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणजे पाच पाती एकत्र धरली की ३ मिलिमीटर.
- मोजपट्टी, खडू, वही.
- इंजिनचं मॅन्युअल.
- बोटीची नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला आणि विमा. चाचणीची फेरी हीसुद्धा फेरीच असते. बोट जुनी घेतली असेल आणि आधीच्या मालकानं इंजिन बदललेलं असेल, तर कागदावरचे अश्वशक्तीचे आकडे आणि इंजिनवरचे आकडे जुळतात का तेही आत्ताच बघून घ्या. दोष शोधायलाही ती माहिती लागणार आहे.

चाचणीला दोघं हवेत: एक चालवणारा, एक मोजणारा. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. प्रवासी बरोबर घेऊन चाचणी करायची नाही.

१. आधी डावं-उजवं ठरवा

हसू नका. धक्क्यावर उभं राहून बोटीकडे बघणाऱ्याचं डावं आणि सुकाणूवर बसलेल्याचं डावं उलटं असतं, आणि मेकॅनिकला फोनवर उलटं सांगितलं गेलं की चुकीच्या बाजूचा टॅब खोलला जातो. या लेखात डावं-उजवं म्हणजे बोटीत बसून नाकाकडे तोंड केल्यावरचं. खडूनं आतल्या बाजूला ‘डा’ आणि ‘उ’ लिहूनच टाका.

आता ओळंबा. सुकाणूच्या समोर, काचेच्या चौकटीला मधोमध तो टांगा. खिळ्यापासून फूटपट्टीपर्यंत दोरीची लांबी बरोबर ५७ सेंटिमीटर ठेवा. ही लांबी उगाच नाही: या मापाला ओळंबा पट्टीवर जितके सेंटिमीटर सरकेल तितके अंश बोट कललेली असते. बोट उभी असताना, दोघं मधल्या रेषेवर बसलेले असताना, दोरी जिथे येते तिथे शून्याची खूण करा. वेगात लंबक झुलत राहतो. वजन पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवलं की झुलणं कमी होतं. वळणावर हा आकडा वाचू नका. वळताना ओळंबा बाहेर फेकला जातो आणि खोटं सांगतो. मोबाईलमधलं पाणसळ ॲपही चालतं, पण वळणाबाबत तेही तितकंच खोटं.

२. बोट उभी असताना मोजा

इंजिन बंद, पाणी शांत, बोटीत कुणी नाही. मागच्या फळीपासून समान अंतरावर, डाव्या आणि उजव्या कठड्यापासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. १.८ मीटर रुंदीच्या बोटीत दोन्ही बाजूंत ३ सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश.

इथेच फरक सापडला तर पुढचे निम्मे प्रश्न मिटतात, कारण उभ्या बोटीला टॉर्क नसतो, ट्रिम नसतो आणि सकाळच्या वेळी वाराही नसतो. मग उरतं फक्त वजन. बॅटरी कुठे आहे? ७० ते ८० अँपिअर-तासाची बॅटरी १८ ते २० किलोची असते. २५ लिटरची भरलेली पेट्रोल टाकी डब्यासकट २० किलोच्या आसपास. नांगर, दोर, बदली पंखा, जॅकेटचं पोतं हे सगळं बहुतेक बोटींत एकाच कप्प्यात कोंबलेलं असतं, कारण तो कप्पा हाताशी असतो. सगळं काढा आणि पुन्हा मोजा.

सगळं काढूनही फरक राहिला, तर संशय फोमवर. फायबरच्या बोटीत तळ आणि फरशी यांच्यामध्ये तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. स्क्रूच्या भोकांतून किंवा चिरेतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की तो स्पंजासारखा जड होतो, आणि बहुधा एकाच बाजूला. लाकडी हातोडीनं फरशीवर ठोकत जा. कोरड्या जागी पोकळ आवाज येतो, भिजलेल्या जागी मुका. खात्री करायची तर फरशीत एक छोटं भोक पाडून आतला नमुना काढा, बोटांत दाबा. पाणी निथळलं तर दुखणं तिथेच आहे. भोक लगेच बुजवायला विसरू नका.

३. तळातलं मोकळं पाणी

हा दोष फसवतो, कारण उभ्या बोटीत तो दिसत नाही. फरशीखाली ५० लिटर पाणी साचलं असेल तर बोट धक्क्याला सरळच राहते. वळण घेतलं की ते ५० किलो एका बाजूला वाहतं आणि तिथेच बसतं.

ओळख सोपी: कलाची बाजू शेवटच्या वळणाप्रमाणे बदलते. डावं वळण घेतलं की एका अंगाला, उजवं घेतलं की दुसऱ्या. पंप चालतो म्हणून निर्धास्त राहू नका, पंप तळाच्या सगळ्यात खोल जागीच आहे का ते बघा. बोट काठावर ओढून, नाक उंच करून मागचं बूच काढा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी जाण्याची भोकं शेवाळ आणि पानांनी तुंबलेली असतात, ती तारेनं मोकळी करा. मगच पुढे.

४. वारा: दोन्ही दिशांना एकच फेरी

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दक्षिणोत्तर पसरलेला आहे आणि वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे जलाशयाला आडवा. तापोळ्याहून दक्षिणेकडे निघालात की तो उजव्या अंगावर येतो, परतताना डाव्या.

आता गंमत बघा. वाऱ्यानं बोट पलीकडे झुकावी असं वाटतं, पण व्ही आकाराच्या तळाची बोट वेगात वाऱ्याच्या दिशेनं कलते. कारण असं: वारा नाकाला पलीकडे ढकलतो, तुम्ही नकळत सुकाणू वाऱ्याकडे वळवून धरता, आणि अशी बोट ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला झुकते. म्हणजे बोटीला झुकवतो तो तुमचा हात. वारा फक्त निमित्त. नवा माणूस इथे हमखास गोंधळतो. त्याला वाटतं उजवीकडे वजन जास्त आहे, तो प्रवाशांना डावीकडे सरकवतो आणि परतीच्या फेरीला बोट दुप्पट डावीकडे कलते.

म्हणून पहिली खरी चाचणी: सकाळी लवकर, पाणी आरशासारखं असताना, एकाच वेगानं एकदा दक्षिणेकडे आणि एकदा उत्तरेकडे दोन-दोन मिनिटं सरळ जा. ओळंब्याचे आकडे लिहा. तीच फेरी दुपारी वारा सुटल्यावर. चार आकडे मिळतील. दिशा बदलल्यावर कलही बदलत असेल तर बोटीत दोष नाही. दोन्ही दिशांना कल एकाच अंगाला राहत असेल तर दोष बोटीत आहे, आणि दुपारच्या आकड्यांवर विसंबून कुठलीच दुरुस्ती करायची नाही.

५. टॉर्कचा हिशेब कागदावर करा

बहुतेक ओबीएमचा पंखा पुढच्या गिअरमध्ये, मागून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. त्याची उलटी प्रतिक्रिया बोटीवर येते, म्हणून टॉर्कमुळे कल येतो तो डावीकडे. सुकाणू उजवीकडे बसवण्याची पद्धत याला सोयीची पडते: चालवणाऱ्याचं वजन टॉर्कला तोलून धरतं. तुमची बोट उजवीकडे कलत असेल आणि पंखा नेहमीचा असेल, तर टॉर्कचा विषय तिथेच संपला.

डावीकडे कलत असेल तर हा हिशेब करा. अश्वशक्तीला ७१६ नं गुणा, इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी भागा, आणि खालच्या गिअरचं प्रमाण साधारण २ धरून दुप्पट करा. उत्तर किलोग्रॅम-मीटरमध्ये येतं. ५,५०० फेऱ्यांना:

- २५ अश्वशक्ती: सुमारे ६.५
- ४० अश्वशक्ती: सुमारे १०.५
- ११५ अश्वशक्ती: सुमारे ३०

नेमकं गिअरचं प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं, ते घातलं तर आकडा आणखी खरा.

याचा अर्थ काय? ४० अश्वशक्तीच्या इंजिनचा पूर्ण टॉर्क म्हणजे पाण्याचा एक भरलेला जार मधल्या रेषेपासून अर्ध्या मीटरवर ठेवणं. बस, इतकंच. ७० किलोचा चालवणारा मधल्या रेषेपासून ४५ सेंटिमीटर उजवीकडे बसला तर त्याचे ३१.५ होतात, म्हणजे ११५ च्या इंजिनला तो नेमका तोलतो आणि ४० च्या इंजिनला तिप्पट भारी पडतो. एकटा चालवणारा असताना छोट्या इंजिनची बोट उजवीकडे कलते, त्याचं कारण हेच, आणि त्यात बिघाड काहीच नाही. जुन्या बोटीवर आधी मोठं इंजिन होतं आणि आता लहान आहे, किंवा उलट, तर कल बदलणारच.

आता जार वापरा. नेहमीच्या वेगात बोट सरळ चालवा आणि मोजणाऱ्याला, वेग कमी करून, एकेक जार कललेल्या बाजूकडून दुसरीकडे सरकवायला सांगा. ओळंबा शून्यावर यायला किती जार, किती अंतर लागलं ते लिहा. वजन गुणिले अंतर, हा तुमच्या दोषाचा आकडा. हा आकडा टॉर्कच्या आकड्याजवळ असेल तर कारण टॉर्क. १० च्या जागी ४० निघाला तर टॉर्कला सोडा, दुसरं काहीतरी आहे.

आणखी एक खूण. टॉर्क इंजिनच्या जोराबरोबर येतो-जातो. बोट वेगात असताना थ्रॉटल हळूहळू अर्ध्यावर आणा. बोट अजून पाण्यावर चढलेली आहे तोवरच कल कमी झाला तर टॉर्क. कल तसाच राहिला तर तळ किंवा वजन.

६. ट्रिम: नाक खुपसलं की बोट पडते

इंजिन फार आत घेतलं की पंख्याचा जोर मागची बाजू उचलतो आणि नाक पाण्यात दाबलं जातं. व्ही तळाचा पुढचा भाग धारदार असतो. त्या धारेवर बोट तोलून राहू शकत नाही, एका अंगाला पडते. ओळख: कल कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि सुकाणू अचानक हलकं किंवा अचानक जड होतं. पुढच्या बाकांवर जास्त माणसं बसवली तरी हेच होतं.

पॉवर ट्रिम असेल तर वेगात थोडं थोडं बाहेर घेत जा, नाक किंचित वर येईपर्यंत. छोट्या इंजिनना पिन असते. बोट थांबवून, इंजिन बंद करून पिन एक भोक बाहेरच्या बाजूला टाका आणि पुन्हा फेरी मारा. एका वेळी एकच भोक. फार बाहेर गेलं की नाक आपटायला लागतं आणि पंखा वळणावर हवा ओढतो.

कोयनेवर याला एक जास्तीची बाजू आहे. धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून २,१६० फुटांच्या वर असतं. विरळ हवेमुळे इंजिनची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते, म्हणजे इथे सहा-सात टक्के कमी. किनाऱ्यावर ठीक चालणारा पंखा इथे जड पडतो, बोट धड चढत नाही, अर्धवट नाक वर करून डुलत राहते, आणि अशा अवस्थेत थोडंसं वजनही तिला झुकवतं. पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटरचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याचा) आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेत येतो का बघा. येत नसेल तर कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर पुढे सरकणारा) पंखा लावा. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

७. बोट बाहेर काढा आणि तळ वाचा

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तरच हे करा. वेगात सगळा भार तळाच्या मागच्या पाच-सहा फुटांवर असतो, म्हणून दोष शोधायचा तिथेच. तळ धुऊन, खरवडून घ्या. पट्टी मागच्या काठापासून पुढे, बोटीच्या लांबीला समांतर धरा: एकदा मधल्या कण्याजवळ, एकदा मध्ये, एकदा बाहेरच्या कडेजवळ. डावीकडे तीन जागा, उजवीकडे तेवढ्याच अंतरावरच्या तीन. पट्टी आणि तळ यांच्यात हॅक्सॉची पाती घालून फट मोजा.

- पट्टीची दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली, तर तिथे खोलगट भाग आहे. हा भाग मागची बाजू उचलतो. डावीकडे असेल तर बोट उजवीकडे कलते.
- पट्टी मध्ये टेकली आणि टोकाशी डुलली, तर तिथे फुगवटा आहे. हा भाग पाण्याला चिकटतो आणि मागची बाजू खाली ओढतो. डावीकडे असेल तर बोट डावीकडेच कलते.

दोन्ही बाजूंना सारखीच फट असेल तर कल येणार नाही. नाक वर-खाली होण्याचा त्रास वेगळा. महत्त्वाचा आहे तो दोन बाजूंतला फरक. ३ मिलिमीटरचा, म्हणजे पाच पात्यांचा फरक मिळाला तर गुन्हेगार सापडला असं समजा.

हा खोलगटपणा येतो कुठून? पावसाळ्यात बोट काठावर ओढून दोन ओंडक्यांवर किंवा चार टायरांवर ठेवली जाते. सगळं वजन दोन-तीन जागी येतं आणि महिनोन्महिने फायबर तिथे आत दबत राहतं. आधार कण्याखाली आणि मागच्या फळीच्या अगदी कडेखाली द्यायला हवा. तिथे न देता दोन फूट पुढे दिला की ठरलेलं.

तळावर आणखी बघायचं ते असं. तळावर लांबीला समांतर वर आलेली धार एका बाजूला तुटली आहे का. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, त्यांचा हा प्रसाद. फिशफाइंडरचा सेन्सर तळाच्या खाली लोंबतोय का. बाहेरून ठोकलेला फायबरचा ठिगळ फुगून राहिला आहे का.

८. इंजिन, पंखा, स्केग

मागच्या फळीच्या दोन्ही कडांपासून इंजिनच्या मधोमधपर्यंत मोजा. फरक नको. १०० किलोचं इंजिन ५ सेंटिमीटर बाजूला बसलं की ५ किलोग्रॅम-मीटर तिथेच गेले, शिवाय जोरही तिरका. इंजिन बदलताना जुन्या भोकांचा आधार घेतला की ही चूक होते. पंख्यावरची आडवी पाटी तळाच्या पातळीत किंवा जास्तीत जास्त एक इंच वर हवी.

पंख्याची पाती वाकली असतील, स्केग म्हणजे खालचा पातळ पंख तुटला किंवा वाकला असेल, तर सुकाणू एका बाजूला ओढतं. पण सुकाणू ओढणं आणि बोट कलणं हे दोन वेगळे आजार आहेत. आडव्या पाटीखाली असतो तो छोटा टॅब फक्त सुकाणूचा ओढ घालवतो. सुकाणू उजवीकडे सहज वळतं आणि डावीकडे जड जातं, तर त्या टॅबची मागची कड उजवीकडे थोडी फिरवा. त्यानं कल जाणार नाही. कल घालवायला तो टॅब पिळत बसलेली माणसं बरीच दिसतात.

बोट एका अंगाला न राहता डावी-उजवी-डावी अशी तालात डोलायला लागली, तर तो तिसराच आजार. फार वेगवान व्ही बोटींत तो येतो. सुकाणूच्या केबलमधली ढिलाई आणि फार बाहेर घेतलेली ट्रिम ही नेहमीची कारणं. थ्रॉटल हळू सोडा, ट्रिम आत घ्या, धक्क्याला आल्यावर केबल बदला.

९. ट्रिम टॅब, सगळ्यात शेवटी

मागच्या फळीवर खाली बसणाऱ्या या दोन पाट्या कल घालवतात हे खरं. जी बाजू खाली बसते त्या बाजूची पाटी खाली करायची. ती मागची बाजू उचलते. काही बोटींत बटणांवर नाकाची दिशा लिहिलेली असते आणि डावं बटण उजवी पाटी हलवतं. धक्क्याला उभं राहून एकानं बटण दाबा, दुसऱ्यानं मागे वाकून बघा कोणती पाटी हलते. आधीपासून टॅब बसवलेले असतील तर ते दोषाचं कारणही असू शकतात: एका बाजूचं हायड्रॉलिक अडकलं की ती पाटी कायम खाली राहते आणि बोट दुसऱ्या अंगाला कलते.

वाऱ्यासाठी टॅब उत्तम. भिजलेला फोम झाकण्यासाठी टॅब बसवू नका. वजन वाढतच राहणार आणि पाटी एक दिवस पुरी पडणार नाही.

रबरी बोट असेल तर

फायबरच्या आधी नळ्यांची हवा मोजा. बहुतेक बोटींना ०.२ ते ०.२५ बार, पण खरा आकडा बोटीवर छापलेला असतो तोच. उन्हातल्या नळीत दाब वाढतो, सावलीतल्या नळीत कमी राहतो, म्हणून दोन्ही बाजू पाण्यात अर्धा तास राहिल्यावर मोजा. एक नळी मऊ असेल तर तीच बाजू दबते.

मेकॅनिकला काय द्यायचं

नुसतं ‘बोट कलते’ असं सांगू नका. वहीचं पान द्या: कोणत्या अंगाला, किती अंश, कोणत्या वेगाला सुरू होतं, दोन्ही दिशांचे आकडे, किती जार किती सरकवल्यावर सरळ झाली, ट्रिमची पिन कितव्या भोकात, पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्या, आणि तळाच्या सहा जागांच्या फटी. एका फेरीत एकच गोष्ट बदलली होती ना, तेही पानावर दिसू द्या. फायबरकाम करणाऱ्याकडे बोट न्यायची असेल तर पट्टी लावलेल्या जागेचा बाजूनं, उजेडाच्या उलट दिशेनं काढलेला फोटो न्या. फटीतून येणारा प्रकाश त्याला आकड्यापेक्षा लवकर कळतो.